कै. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

विद्यार्थीमित्रहो, रविवार उजाडला म्हणजे शाळेची घंटा वाजत नाही. कोणी उपासनेस जातो, कोणी आजोळी जातो, कोणी दिवसभर मैदानावर हुंदडतो. ही सुटी ऊन-पावसाप्रमाणे आपोआप लाभलेली आहे, असा आपला समज असतो. परंतु आपल्या देशातील श्रमजीवी मनुष्यास ती कोणी सहज दिलेली नाही. ती मागावी लागली. एकदा नव्हे, अनेक वेळा मागावी लागली. आणि ती मागण्यात ज्या पुरुषाने पुढाकार घेतला त्याचे मूळ गाव आपल्यापासून फार दूर नाही. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील कन्हेरसर हे ते गाव. त्या पुरुषाचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. हिंदुस्थानातील कामगार चळवळीचे जनक म्हणून इतिहास त्यांस ओळखतो. त्यांचे चरित्र आपण अवश्य ध्यानी घ्यावे. कारण त्यांनी आरंभिलेले कार्य आपल्या पिंपरी-चिंचवडात, आपल्या घरांच्या खिडक्यांतून दिसेल इतक्या जवळ, अद्याप अपुरे राहिले आहे.

नारायणरावांचा जन्म इ. स. १८४८ मध्ये ठाणे येथे एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. शिक्षण मॅट्रिकपर्यंत झाले. त्यापुढे शिकण्याची ऐपत नव्हती. तेव्हा नोकरी पत्करणे भाग पडले. प्रथम रेल्वे व टपाल या खात्यांत काही काळ काम करून पुढे ते मुंबईत मांडवी भागातील एका कापडगिरणीत कोठाराच्या कामावर लागले. माल किती आला, किती गेला, याचा हिशेब ठेवणे हे त्यांचे काम. परंतु ज्याला मोजण्याची सवय लागते, त्याची दृष्टी वखारीच्या दारापाशी थांबत नाही. गिरणीत माल जसा येई व जाई, तशी माणसेही येत व जात. ती कधी येतात, कधी जातात, मधल्या वेळात त्यांचे काय होते, हे नारायणराव पाहू लागले.

त्या काळची मुंबई कशी होती, हे थोडे सांगितले पाहिजे. इ. स. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची उभारणी आरंभिली. १८५६ त ती चालू झाली. पुढील वीस-पंचवीस वर्षांत परळ, भायखळा, चिंचपोकळी या भागांत धुराड्यांचे रान उठले. कोकण व देश येथील दुष्काळाने व कर्जाने गांजलेली माणसे तेथे येऊन राबू लागली. दिवस उगवला की यंत्र सुरू व्हावयाचे आणि मावळला की थांबावयाचे, असा रिवाज होता. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठे. दुपारी विश्रांतीची निश्चित वेळ नव्हती. पुष्कळांना यंत्र चालू असताच त्याच्या शेजारी उभे राहून भाकरी खावी लागे. मजुराच्या घरी घड्याळ नसे. उशीर झाला तर मजुरी कापली जाई, या भयाने बायामाणसे पहाटेच्या अंधारातच घर सोडून गिरणीच्या दाराशी येऊन बसत. म्हणजे गिरणीच्या वहीत लिहिलेला दिवस निराळा आणि मजुराच्या अंगावरून जाणारा दिवस निराळा. हा दुसरा दिवस अधिक लांब होता, आणि तो कोणत्याही वहीत नोंदला जात नव्हता. नारायणरावांच्या साऱ्या पुढील कार्याचे बीज या एका गोष्टीत आहे.

पुण्यात त्या वेळी महात्मा जोतीराव फुले यांचे कार्य जोरात चालू होते. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या या पुरुषाने २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापिला. नारायणराव त्या समाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते झाले. समाजाचे विचार लोकांपुढे मांडण्यासाठी कृष्णराव भालेकर यांनी इ. स. १८७७ च्या आरंभी पुण्यात ‘दीनबंधु’ हे वर्तमानपत्र काढले होते. पैशाच्या अडचणीमुळे ते चालविणे कठीण झाले. इ. स. १८८० मध्ये नारायणरावांनी ते मुंबईस आपल्या हाती घेतले. शेतकरी आणि गिरणीतील मजूर यांची दुःखे त्यांच्याच भाषेत मांडणारे हे पत्र त्यांनी मरेपर्यंत चालविले.

याच सुमारास सरकारचेही लक्ष गिरण्यांकडे वळले होते. सोराबजी शापुरजी बंगाली या परोपकारी पारशी गृहस्थांनी स्त्रिया व मुले यांच्या हालांविषयी कायदा व्हावा म्हणून खटपट चालविली होती. तिचे फळ म्हणून इ. स. १८८१ मध्ये हिंदुस्थानातील पहिला फॅक्टरी ॲक्ट झाला. सात वर्षांखालील मुलास कामास लावू नये, सात ते बारा वर्षांच्या मुलास नऊ तासांपेक्षा अधिक राबवू नये, धोक्याच्या यंत्रांस कुंपण असावे, अशी कलमे त्यात होती. परंतु तो कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांपुरताच होता, आणि प्रौढ मजुरांच्या तासांविषयी व सुटीविषयी त्यात एक शब्दही नव्हता.

इ. स. १८८४ मध्ये मुंबई सरकारने या प्रश्नाच्या विचारासाठी पुन्हा एक मंडळ नेमले. नारायणरावांनी ही संधी ओळखली. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात परळच्या सुपारीबागेत त्यांनी गिरणीतील मजुरांच्या सभा भरविल्या, आणि एक अर्ज तयार करून त्यावर सुमारे ५,५०० मजुरांच्या सह्या घेतल्या. ज्यांपैकी पुष्कळांना अक्षर ठाऊक नव्हते अशा साडेपाच हजार माणसांस एका कागदावर आणणे ही त्या काळी केवढी गोष्ट होती, याची कल्पना करावी.

त्या अर्जातील मागण्या पाच होत्या. दर रविवारी सर्वांस पूर्ण सुटी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहा वाजता सुरू होऊन सूर्यास्तास संपावे. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. आणि पाचवी मागणी अशी की, कामावर दुखापत होऊन जो मजूर अंथरुणास खिळेल त्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जो जन्माचा अपंग होईल त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. या मागण्यांत राज्य उलथविण्याची भाषा नव्हती, मालकाचा द्वेषही नव्हता. मनुष्य हा मनुष्य आहे, त्यास झोप लागते, भूक लागते, त्याचे हाड मोडते, एवढेच त्यात सांगितलेले होते.

मागण्या तत्काळ मान्य झाल्या नाहीत. अर्ज गेले, उत्तरे आली नाहीत. पुन्हा अर्ज गेले. नारायणराव ज्या संघाच्या वतीने बोलत, त्या बाँबे मिल हँड्स असोसिएशनपाशी निधी नव्हता, वर्गणीदारांची यादी नव्हती, छापील नियम नव्हते. जे होते ते एवढेच की, त्यांनी हाक दिली असता माणसे जमत. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार मजुरांची सभा भरली. त्या सभेत दोन मजूर स्त्रियांनी भाषणे केली. एकशे तीसहून अधिक वर्षांपूर्वी श्रमजीवी स्त्रियांनी भर मैदानात उभे राहून आपले गाऱ्हाणे सांगावे, ही गोष्ट आमच्या विद्यार्थिनींनी विशेष लक्षात ठेवावी. सभेचा अर्ज गिरणीमालकांच्या संघाकडे गेला, आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली. रविवार हा ख्रिस्ती लोकांचा उपासनेचा दिवस, तसाच तो जेजुरीच्या खंडोबाच्या भक्तांचाही वार. तेव्हा हा दिवस सर्वांनाच सोयीचा, असे नारायणराव समजावून सांगत, असे म्हणतात.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने कारखान्यांतील मजुरांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक आयोग नेमला. मुंबईपुरते त्या आयोगास साहाय्य करण्यासाठी नारायणरावांची नेमणूक झाली. ज्यांच्या अर्जांस पूर्वी उत्तरही मिळत नसे, तेच आता चौकशीच्या मेजापाशी बसले. इ. स. १८९१ मध्ये सुधारलेला कायदा झाला. पन्नास माणसांच्या कारखान्यांसही तो लागू झाला. आठवड्याची सुटी आणि दुपारचा अर्धा तास या दोन गोष्टी त्यात आल्या. स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणले गेले. मुलांच्या वयाची मर्यादा नऊ वर्षांवर गेली.

नारायणरावांची करुणा गिरणीच्या भिंतींपुरती नव्हती. विधवांचे केशवपन करण्याची दुष्ट चाल बंद पडावी म्हणून १८९० मध्ये मुंबईतील न्हाव्यांनी असे काम न करण्याचा निश्चय केला, त्यामागे त्यांचीच प्रेरणा होती. इ. स. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू व मुसलमान यांच्यात भयंकर दंगा झाला, तेव्हा त्यांनी मजुरांत फिरून सलोख्यासाठी परिश्रम केले. इ. स. १८९५ मध्ये सरकारने त्यांस रावबहादूर ही पदवी दिली.

इ. स. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत ग्रंथिज्वराची साथ उद्भवली. तिचा आरंभ मांडवीत झाला, जेथे नारायणरावांनी एकेकाळी कोठाराचा हिशेब लिहिला होता. लक्षावधी माणसे शहर सोडून गावी पळाली. नारायणराव राहिले. गरीब रोग्यांसाठी त्यांनी इस्पितळ उभारण्यात पुढाकार घेतला आणि त्यांची शुश्रूषा केली. त्या सेवेतच त्यांस रोगाने गाठले, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, वयाची पन्नाशीही गाठली नसता, त्यांचा अंत झाला. इ. स. २००५ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. तरुणपणी ज्या खात्यात त्यांनी चाकरी केली, त्याच खात्याने त्यांचे चित्र घरोघर पोचविले.

येथे चरित्र संपते, असे वाटेल. परंतु थोर मनुष्याचे चरित्र त्याच्या कार्याच्या हिशेबाशिवाय पुरे होत नाही. त्या पाच मागण्यांतील शेवटची आठवावी. दुखापत झालेल्या मजुरास भरपाई देण्याचा कायदा आपल्या देशात इ. स. १९२३ मध्ये झाला. म्हणजे अर्ज केल्यापासून एकोणचाळीस वर्षांनी, आणि अर्जदार निवर्तल्यावर सव्वीस वर्षांनी. आणखी एक उणीव राहिली. फॅक्टरी ॲक्ट कारखान्यास लागू. पण कारखाना ज्या गवंड्याने बांधला, ज्या बिगाऱ्याने विटा वाहिल्या, त्याच्या डोक्यावर छप्पर नसल्यामुळे जणू त्यास कायद्याचेही छत्र नव्हते. बांधकामावरील मजुरांची सुरक्षितता, परांची, शिड्या, उचलयंत्रे, पिण्याचे पाणी, शौचकूप आणि आठवड्याची सुटी यांविषयी संपूर्ण देशासाठी स्वतंत्र कायदा होण्यास इ. स. १९९६ उजाडावे लागले. इ. स. २०२० मध्ये संसदेने तो एका व्यापक संहितेत सामावून घेतला. गिरणीतील मजुरास जे १८९१ त मिळू लागले, त्यासाठी इमारतीवरील मजुरास शंभर वर्षांहून अधिक वाट पाहावी लागली.

आता आपल्या गावाकडे पाहू. इ. स. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ नंतर औद्योगिक वसाहत वाढली, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि कारखान्यांच्या पाठोपाठ घरे आली. वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत, मोशी येथे जेथे ज्वारी डोलत असे, तेथे आता वीस-वीस, तीस-तीस मजल्यांचे मनोरे उठत आहेत. ते बांधणारी माणसे मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार, झारखंड, बंगाल येथून आलेली आहेत. त्यांची काही मुले आपल्या वर्गात आपल्याशेजारी बसतात.

इमारत पुरी होते तेव्हा तीत लिफ्ट असते. परंतु ती बांधली जात असता पुष्कळदा माणसांसाठी लिफ्ट नसते. असलीच तर सिमेंट, विटा नेणारा मालाचा हॉइस्ट असतो, आणि तो माणसांसाठी केलेला नसतो. मग मजूर जिना चढतो. येथे आपण नारायणरावांप्रमाणे थोडे मोजून पाहू. एका मजल्यास वीस पायऱ्या धरल्या, तर तिसाव्या मजल्यापर्यंत सहाशे पायऱ्या होतात. एका मजल्यास चढताना अर्धा मिनिट धरला, तर पंधरा मिनिटे. उतरताना वीस सेकंद धरले, तर दहा मिनिटे. पिण्याचे पाणी, शौचकूप आणि जेवणाचा डबा खाली असेल, तर दुपारचा अर्धा तास पंचवीस मिनिटांनी जिन्यातच संपला. भाकरी खावयास पाच मिनिटे उरली. ज्या अर्ध्या तासासाठी साडेपाच हजार माणसांनी सह्या केल्या, तो अर्धा तास कागदावर शाबूत राहून जिन्यावर सांडून जातो. गिरणीच्या दाराशी पहाटेपासून बसणाऱ्या बाईचा जो न लिहिलेला वेळ, तोच हा. फरक इतकाच की, तो आता आडवा न जाता उभा जातो.

वेळच जातो असे नाही. थकलेला मनुष्य खाली उतरण्याचे टाळतो. पाणी कमी पितो. उन्हात त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि तो उभा असतो परांचीवर. वर कोणास दुखापत झाली, तर त्यास सहाशे पायऱ्या पाठीवरून उतरवावे लागते, आणि ज्या मिनिटांत प्राण वाचावयाचा ती मिनिटे निघून जातात. लिफ्टसाठी ठेवलेली पोकळी उघडी राहिली, तिला कठडा नसला, तर अंधारात पाऊल चुकणाऱ्यास ती विहिरीसारखी गिळते. १८८१ च्या कायद्यात यंत्रास कुंपण घालण्यास सांगितले होते. या उभ्या विहिरीस कुंपण घालणे त्याहून सोपे आहे. चार नळ्या आणि एक जाळी पुरते.

लिफ्ट बसविली म्हणजे काम झाले, असेही समजू नये. १० सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्यातील बाळकुम येथे चाळीस मजल्यांच्या एका नव्या इमारतीच्या छतावरील काम आटोपून मजूर बांधकामाच्या लिफ्टमधून खाली येत होते. ती लिफ्ट तुटून तळाशी कोसळली आणि सात मजूर प्राणास मुकले. दिनदर्शिका उघडून पाहिली, तर तो दिवस रविवार होता. ज्या गावी नारायणरावांचा जन्म झाला त्याच गावी, ज्या वारी मजुराने घरी असावे म्हणून त्यांनी आयुष्य वेचले त्याच वारी, ही सात माणसे कामावर होती. त्यांची सुटी दुसऱ्या एखाद्या वारी असेल किंवा नसेल; परंतु हा योगायोग वाचून ज्याचे मन हलणार नाही, असा मनुष्य विरळा.

तेव्हा आपण काय करावे? पालकहो, आपल्यापैकी कोणी नवे घर घेण्यास जातात, तेव्हा फरशी, खिडक्या, वाहनाची जागा यांची चौकशी करतात. त्याच वेळी आणखी दोन प्रश्न विचारावे: वरच्या मजल्यावर काम करणारी माणसे वर कशी जातात, आणि त्यांना पाणी कोठे मिळते? विकत घेणारा विचारू लागला म्हणजे विकणाऱ्यास उत्तर तयार ठेवावे लागते. आपल्यापैकी जे स्वतः गवंडी, सुतार, बिगारी आहेत, त्यांनी कल्याणकारी मंडळाकडे आपले नाव नोंदविण्यात आळस करू नये, आणि पट्टा व शिरस्त्राण ही ओझी आहेत असे समजू नये.

आणि विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या अभियंता होईल, कोणी मुकादम, कोणी कंत्राटदार. तुमच्या हाती हजेरीची वही येईल. त्या वेळी कोठारातील हिशेब लिहिणाऱ्या या कारकुनाची आठवण ठेवा. त्याच्यापाशी पैसा नव्हता, मोठी पदवी नव्हती, सत्ता नव्हती. वहीत न लिहिलेली मिनिटे त्याने पाहिली, ती मोजली, आणि ती ज्यांची होती त्यांस एकत्र आणून ती परत मागितली. तुमच्या इमारतीवरील शेवटच्या मजल्यापर्यंत पाण्याचा हंडा पोचतो की नाही, माणसांसाठी निराळी व तपासलेली लिफ्ट आहे की नाही, उघड्या पोकळीस कठडा आहे की नाही, एवढे जरी तुम्ही रोज सकाळी स्वतः चढून पाहिले, तरी कन्हेरसरच्या या सुपुत्राचे स्मारक तुम्ही उभारले असे होईल. त्यासाठी दगड लागणार नाही. सहाशे पायऱ्या चढण्याची तयारी मात्र लागेल.